दरवाजा बाहेरून उघडतो का?

प्रत्येक मोहल्ल्यात अशी एखादी बोलेरो, सुमो नाहीतर पिकअप उभी असते. इंजिन ठणठणीत, टायर बरे, आरशाला तसबीह लटकलेली. फक्त मधल्या दरवाजाचे बाहेरचे हँडल तुटलेले. घरातल्या सगळ्यांना त्याची युक्ती पाठ असते. काच चार बोटे खाली ठेवायची, हात आत घालायचा आणि आतला खटका ओढायचा. पाहुणे आले की कुणीतरी पुढे धावते, "थांबा खाला, तो दरवाजा बाहेरून उघडत नाही, मी आतून उघडतो." वलीम्याला निघालेल्या घाईत सगळे त्यावर हसतातही. असे वर्ष जाते, दोन वर्षे जातात. मग दुसऱ्या बाजूचेही हँडल जाते आणि सगळे घर एकाच दरवाजाने चढू-उतरू लागते.

गाडी यावाचून अडत नाही, म्हणून या बिघाडाकडे कुणी पाहत नाही. ब्रेक लागेनासा झाला तर गाडी त्याच दिवशी गॅरेजला जाते. सेल्फ मारून इंजिन उठले नाही तरी जाते. हँडलचे मात्र "बघू पुढच्या महिन्यात". मला वाटते, बाहेरचे हँडल ही आपण केवळ आपली सोय समजतो, आणि सोय नसली की माणूस जुळवून घेतो. प्रत्यक्षात ते हँडल अनोळखी माणसासाठीही असते. रस्त्यावर गाडी उलटली आहे, आत माणसे शुद्धीवर नाहीत, लहान मूल रडते आहे. शेजारच्या शेतातून किंवा मागच्या ट्रकमधून धावत आलेला माणूस सगळ्यात आधी काय करतो? बाहेरचे हँडल ओढतो. त्याला तुमच्या चार बोटांची युक्ती माहीत नसते. तो एक दरवाजा ओढून पाहील, दुसरा पाहील, मग दगड शोधायला जाईल. सफरची दुआ पढून निघालेल्या घराने एवढा विचार निघण्यापूर्वी करायला हवा.

त्यातही मागच्या दरवाजाचे हँडल तुटलेले असेल तर एक गोष्ट आजच, हा लेख बाजूला ठेवून पाहून यावी. मागचे दोन्ही दरवाजे उघडले की त्यांच्या कडेला, कुलपाच्या जवळ, एक छोटी खुंटी दिसते. हे चाइल्ड लॉक. ते लावले की आतले हँडल निकामी होते आणि दरवाजा फक्त बाहेरूनच उघडतो. मुले धावत्या गाडीत दरवाजा उघडू नयेत म्हणून आपणच ते कधीतरी लावलेले असते आणि नंतर विसरून गेलेलो असतो. आता बाहेरचे हँडल तुटले, तर तो दरवाजा आतूनही उघडत नाही आणि बाहेरूनही नाही. काचेतून हात घालण्याची युक्तीही तिथे चालत नाही. हँडल तुटल्याचे लक्षात आले आणि दरवाजा सुदैवाने उघडा असेल, तर तो बंद करण्याआधी ती खुंटी फिरवून चाइल्ड लॉक काढून ठेवावे. हँडल नंतर आणता येईल.

लहान मुलांचा आणखी एक धोका आहे, आणि तो उभ्या गाडीचा आहे. उन्हात बंद असलेल्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच आतला पारा सुमारे दहा अंशांनी चढू शकतो. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर तापते. अंगणात, गॅरेजबाहेर किंवा मदरशाच्या मागे पडून असलेल्या जुन्या जीपमध्ये मुले लपाछपी खेळतात, हे कुणाला नवीन नाही. तिचा एकच दरवाजा उघडत असेल आणि तोही आत गेल्यावर धाडकन बंद झाला, तर आतल्या मुलाला बाहेर पडता येत नाही, आणि बाहेरून शोधणाऱ्याला तिथे हात लावावासाही वाटत नाही, कारण "ती गाडी तर उघडतच नाही".

हँडल तुटते कशामुळे

गॅरेजमध्ये नवे हँडल बसवले, सहा महिन्यांत पुन्हा तुटले. मग "माल डुप्लिकेट होता" म्हणून दुकानदाराला शिव्या. माल डुप्लिकेट असूही शकतो. पण बहुतेक वेळा हँडलचा दोष नसतो. ते दुसऱ्याचा भार उचलता उचलता मोडते.

दरवाजाच्या आत काय असते ते एकदा समजून घेतले की हे स्पष्ट होते. बाहेरच्या हँडलच्या मागे एक छोटा लिव्हर असतो. लिव्हरला एक लोखंडी रॉड जोडलेला असतो, बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडा जाड. तो रॉड दरवाजाच्या पोकळीतून कडेला असलेल्या यंत्रणेपर्यंत जातो. मिस्त्री तिला लॉकच म्हणतात. चावीच्या कुलपाशी घोळ होऊ नये म्हणून इथे लॅच म्हणू. लॅचमध्ये खेकड्याच्या नांगीसारखा एक फिरता तुकडा असतो. दरवाजा बंद केला की ती नांगी गाडीच्या खांबावरच्या जाड लोखंडी कडीला, म्हणजे स्ट्रायकरला, पकडते आणि एक खटका मागून येऊन नांगीला अडवतो. आपण हँडल उचलतो तेव्हा एवढेच होते: रॉड हलतो, खटका सरकतो, नांगी सुटते. सगळे ठीक असेल तर यासाठी दोन बोटांचा जोर पुरतो.

आता लॅचमधले कंपनीचे ग्रीस पाच-सात वर्षांत सुकते. त्यावर रस्त्याची धूळ बसते, ग्रीस आणि धूळ मिळून चिखल होतो, चिखलाचा दगड होतो. खटका जड होतो. आपण दोन बोटांऐवजी चार बोटे लावतो, मग मनगट, मग खांदा. दरवाजातल्या या सगळ्या साखळीत सर्वांत कमकुवत कडी असते हँडलची पातळ खुंटी किंवा तिच्यामागचा लिव्हर. ती मोडते. आपण हँडल बदलतो, दगड झालेला लॅच तसाच राहतो. नवे हँडलही त्याच वाटेने जाते.

दुसरे कारण बिजागरीचे. वडापच्या किंवा काळी-पिवळीच्या गाडीचा दरवाजा दिवसातून किती वेळा आपटला जातो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. त्यात उतरताना प्रवासी दरवाजावरच भार टाकून उतरतात. बिजागरीची पिन झिजते, दरवाजा कुलपाच्या टोकाला थोडा खाली येतो. मग नांगी आणि कडी एका रेषेत राहत नाहीत. बंद दरवाजाचे सगळे वजन खटक्यावर बसते. ओळखायची पद्धत सोपी आहे. दरवाजा अर्धा उघडावा, टोकाला धरून वर उचलून पाहावा. खडखडला, वर-खाली हलला, तर पिन गेली आहे. दरवाजा थोडा उचलून धरल्यावर हँडल हलके चालते, असे अनेकांना अनुभवाने माहीत असते. त्यामागचे कारण हे.

मालवाहू गाड्यांना आणखी एक सवय भोवते. पिकअप, टेम्पो, ट्रक यांची केबिन उंच. चढताना काही चालक आणि क्लीनर हँडललाच लोंबकळतात. खांबावर धरायची दांडी दिलेली असते, ती त्यासाठी आहे. हँडल माणसाच्या वजनासाठी बनवलेले नसते.

आणि मग हवामान. मराठवाडा-खानदेशाच्या उन्हात काळे प्लास्टिक पांढुरके पडते आणि पापडासारखे ठिसूळ होते. कोकणात उलट तऱ्हा. श्रीवर्धन, दापोली, रत्नागिरी या पट्ट्यात खाऱ्या हवेने आतला रॉड आणि लॅच गंजतात. तिथे आखातात नोकरीला असलेल्या मुलाने घरच्यांसाठी घेऊन ठेवलेली गाडी महिनोन्‌महिने माडाखाली झाकून उभी असते. अब्बा पुढच्या सीटवर बसून आठवड्यातून एकदा जुम्याला जातात, मागचे दरवाजे कुणी उघडतच नाही. न वापरलेला लॅच वापरलेल्यापेक्षा लवकर धरतो. मुलगा सुट्टीवर येतो, सामान ठेवायला मागचा दरवाजा जोराने ओढतो आणि हँडल हातात येते.

थोडे विषयांतर करतो. आपल्याकडच्या जीपगाड्यांची गोष्ट सुरू झाली ती विलिस जीपपासून, आणि त्या उघड्या जीपला धड दरवाजेच नव्हते, मग हँडल कुठले! ती जीप भारतात जोडणारी कंपनी १९४५ साली स्थापन झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. महिंद्र बंधूंचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलून 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. नाशिकच्या कारखान्यात बनणारी बोलेरो त्याच घराण्यातली. आज आपल्या खेड्यापाड्यांत तिला पत्र्याचे दरवाजे, काचा, चाइल्ड लॉक सगळे आहे, आणि त्याबरोबर त्यांची दुखणीही आली.

बिघाड कुठे आहे ते आधी ओळखा

दरवाजा खोलण्यापूर्वी हाताला काय जाणवते ते पाहावे. हँडल सैल, लुळे, ओढले तरी काहीच लागत नाही, पण आतून दरवाजा व्यवस्थित उघडतो: रॉडची प्लास्टिक क्लिप निसटली आहे किंवा मागचा लिव्हर मोडला आहे. क्लिप निसटली असेल तर खर्च जवळजवळ काहीच नाही, आणि हँडलही बदलावे लागत नाही. गॅरेजमध्ये "हँडल गेले" म्हणून सरळ नवे बसवले जाते, तेव्हा जुने हँडल हातात मागून घ्यावे आणि ते खरोखर कुठे मोडले आहे ते पाहावे. चांगला मिस्त्री न मागताच देतो.

हँडल शाबूत आहे पण फार जड चालते: लॅच सुकला आहे. हा सगळ्यात चांगला टप्पा, कारण अजून काही मोडलेले नाही. दरवाजा उघडून कडेला दिसणाऱ्या नांगीवर बाजारात मिळणारा पातळ स्प्रे मारावा, स्क्रू ड्रायव्हरने नांगी पुढे-मागे करावी, काळा चिखल कापडाने पुसावा, पुन्हा मारावा. हे तीन-चार वेळा. पातळ स्प्रेने फक्त सफाई होते, तो वंगण म्हणून टिकत नाही. म्हणून शेवटी थोडे ग्रीस बोटाने लावावे, शक्यतो पांढरे. घरातले खोबरेल तेल ओतू नये. ते थंडीत थिजते आणि बाकी वर्षभर धूळ धरते. जुने इंजिन ऑइलही नको, ते अम्मींच्या सलवारीला आणि बुरख्याला लागते आणि निघत नाही. चावीच्या भोकात तर तेल-ग्रीस काहीच घालू नये. तिथे पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड चालते.

आतून आणि बाहेरून दोन्हीकडून उघडत नाही: लॅच अडकला आहे, किंवा वर सांगितले तसे चाइल्ड लॉक लागलेले असताना बाहेरचे हँडल गेले आहे. अशा वेळी एकाने बाहेरून दरवाजा तळहाताने आत दाबून धरावा, म्हणजे खटक्यावरचा ताण कमी होतो, आणि दुसऱ्याने त्याच वेळी हँडल ओढावे. बरेचदा तेवढ्याने सुटतो. नाही सुटला तर दरवाजा बंद असतानाच आतला पॅड काढावा लागतो आणि पत्र्यातल्या भोकातून हात घालून रॉड ओढावा लागतो. हे काम मिस्त्रीचे. पहार घालून दरवाजा उचकटू नये. शंभर रुपयांच्या कामासाठी डेंटर-पेंटरचा हजारोंचा खर्च ओढवतो.

हँडल बदलणे: घरच्या अंगणातले काम

साधे, उचलायच्या पट्टीचे हँडल असलेल्या जुन्या जीपगाड्यांचे काम घरी होऊ शकते. वेळ पहिल्यांदा दोन तास धरावा. मिस्त्री ते वीस-पंचवीस मिनिटांत करतो, पण त्याच्याशी स्पर्धा नाही.

सुरुवातीला काच पूर्ण वर करावी. ती खाली असली तर हात घालायला जागाच राहत नाही. पॉवर विंडो किंवा सेंट्रल लॉक असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. आतल्या हँडलमागचा स्क्रू, हात टेकायच्या दांडीचे दोन स्क्रू, हे प्रथम निघतात. काच फिरवायची दांडी असेल तर तिच्यामागे इंग्रजी सी अक्षरासारखी तारेची क्लिप असते आणि ती काढताना भले भले घामाघूम होतात. तिची युक्ती अशी: एक सुती फडके दांडी आणि पॅड यांच्यामध्ये घालावे आणि चपला पुसतो तसे मागे-पुढे घासावे. फडक्याचा धागा क्लिपला धरतो आणि ती उडून बाहेर येते. उडते म्हणून मुलांना जरा लांब बसवावे. मग पॅडच्या कडेने बोटे घालून एक एक प्लास्टिक खुंटी सोडवायची. ओढायची नाही, क्लिपच्या अगदी जवळ धरून उचकायची.

पॅडमागे प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. बऱ्याच गॅरेजमध्ये तो टराटरा फाडून टाकतात. कृपा करून फाडू देऊ नका. काचेवरून पावसाचे पाणी दरवाजाच्या आत उतरतच असते. ते खालच्या भोकांतून बाहेर जावे आणि पॅडवर येऊ नये म्हणून तो कागद असतो. कागद नसलेल्या गाडीत पावसाळ्यात पॅड फुगतो, पायाखालची चटई कुबट होते, आणि कुणालाच कळत नाही की पाणी येते कुठून. एका कोपऱ्यातून हळूहळू सोडवून बाजूला टेकवून ठेवावा. त्याचा काळा डिंक पुन्हा चिकटतो. दरवाजाच्या खालच्या कडेची पाणी जायची भोके चिखलाने बुजलेली असतील तर तीही याच वेळी काडीने मोकळी करावीत.

आता मोबाइलची बॅटरी लावून आत पाहिले की हँडलची मागची बाजू दिसते. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, पूर्ण बाहीचा सदरा किंवा हातमोजे घालावेत. रॉडला धरलेली प्लास्टिक क्लिप बाजूला फिरवली की रॉड सुटतो. ओढून तोडू नये, ती पुन्हा लागणार आहे. हँडल बहुतेक दोन नटांवर बसलेले असते, १० नंबरची गोटी लागते. नट काढताना डाव्या हाताने बाहेरून हँडल धरावे आणि उजव्या हातातला नट आत पडू देऊ नये. पडला तर तो दरवाजाच्या तळाशी जातो आणि पुढची दहा वर्षे वळणावर खुळखुळत राहतो.

नवे हँडल बसवण्यापूर्वी लॅच साफ करून ग्रीस लावायचे, हे वेगळे सांगायला नको. हँडलखालच्या रबरी गादीला विसरू नये. तिच्यामुळे पाणी आत जात नाही आणि पत्र्याचा रंग उडून गंज धरत नाही. रॉड जोडताना त्यात किंचित ढील राहायला हवी. अजिबात ढील नसेल तर खटका कायम अर्धा उचललेला राहतो आणि धावत्या गाडीत दरवाजा उघडण्याचा धोका असतो. फार ढील असेल तर हँडल शेवटपर्यंत ओढल्याशिवाय दरवाजा सुटत नाही. बऱ्याच गाड्यांत रॉडच्या टोकाला आटे असतात, त्यावर क्लिप फिरवून हे जुळवता येते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. दरवाजा बंद करून पाहू नका. दरवाजा उघडा ठेवूनच स्क्रू ड्रायव्हरने लॅचची नांगी बंद करावी, दोन टप्प्यांत टक-टक असा आवाज येतो. मग बाहेरचे हँडल ओढावे. नांगी झटकन सुटली पाहिजे. पुन्हा बंद करून आतल्या हँडलने सोडवून पाहावी. मग चावीने, मग चाइल्ड लॉक लावून आणि काढून. सगळ्यांत उत्तीर्ण झाली तरच दरवाजा लावावा. ही तपासणी वगळून उत्साहाने दरवाजा आपटला आणि रॉड नीट बसलेला नसेल, तर पॅड उघडा, दरवाजा बंद आणि सारे घर बाहेर उभे, अशी गत होते.

पहिल्या पिढीच्या इनोव्हापासून पुढच्या अनेक गाड्यांना मुठीत धरून ओढायचे हँडल असते. त्यांचे काम निराळे. पुष्कळ गाड्यांत दरवाजाच्या कडेला एक रबरी बूच असते, त्यामागचा स्क्रू सैल केला की हँडलचा मागचा तुकडा निघतो आणि मग हँडल मागे सरकवून बाहेर येते; पॅडला हातही लावावा लागत नाही. पण बटण दाबून उघडणारी, हँडलमध्येच वायर आणि सेन्सर असलेली गाडी असेल तर घरी प्रयोग करू नयेत.

दुकानात काय मागायचे

"बोलेरोचे हँडल द्या" एवढ्यावर दुकानदार जे हाताला लागेल ते देतो. गाडीचे मॉडेल आणि वर्ष, ड्रायव्हर साइड की क्लीनर साइड, पुढचे की मागचे, चावीचे की बिनचावीचे, एवढे सांगावे. डाव्या बाजूचे हँडल उजवीकडे बसत नाही. मोबाइलवर जुन्या हँडलचा मागच्या बाजूने फोटो काढून नेला तर उत्तम. चावीच्या हँडलबरोबर नवे कुलूप आणि नवी चावी येते. म्हणजे गाडीला एक चावी आणि दरवाजाला दुसरी. जुने कुलूप काढून नव्या हँडलमध्ये बसवून घ्यावे. बहुतेक ठिकाणी ते एकाच क्लिपवर असते.

कंपनीचे की लोकल, हा कायमचा प्रश्न. लोकल हँडल काही शे रुपयांत मिळते. हातात घेऊन मागचा लिव्हर आणि त्याची पिन पाहावी. हँडलची चमक पाहून काही कळत नाही, तुटते ते मागेच. पिन लोखंडी असेल, स्प्रिंग दोन्ही टोकांना नीट अडकलेली असेल, तर लोकलही चालते. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुन्या गाड्यांचे भाग मिळतात, पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांची रांग आहे. भंगारातून लॅच जरूर घ्यावा. नांगी झिजलेली नसेल तर कंपनीचा जुना लॅच नव्या लोकलपेक्षा मला बरा वाटतो. प्लास्टिकचे हँडल मात्र भंगारातून घेऊ नये, त्याने आपले ऊन आधीच खाल्लेले असते. मोडलेले हँडल चिकटवण्याच्या भानगडीतही पडू नये. ओतीव धातूचा मोडलेला तुकडा दोन नळ्यांच्या डिंकाने महिनाभर धरतो, आणि मग नेमका परगावी सोडतो. क्रोमचे चकचकीत कव्हर लावून तडा झाकणे, हा त्याच्याही पुढचा प्रकार.

यावरून जुनी गाडी विकत घेण्याचे आठवले. आपल्या घरांत नवी गाडी क्वचित येते, बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या हाताची. खरेदीला गेलेली मंडळी इंजिनचा आवाज ऐकतात, धूर पाहतात, टायर ठोकतात. चारही दरवाजे आतून आणि बाहेरून, काच खाली करून आणि वर करून, चावीने आणि बिनचावीने उघडून पाहणारा एखादाच. विकणाऱ्यावरही जबाबदारी आहेच. बाजारातल्या धान्याच्या ढिगात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हे त्यांनी व्यापाऱ्याला विचारले, ही हदीस आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकली आहे. नादुरुस्त दरवाजाच्या बाजूने गाडी भिंतीला चिकटवून उभी करणे आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या बाजूने बसवणे, हे त्या ढिगापेक्षा निराळे नाही.

गॅरेज हा तर आपल्या समाजाचा जुना धंदा. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात वाहनदुरुस्ती आणि रस्तावाहतूक या कामांत मुस्लिमांचा वाटा ठळक असल्याची नोंद आहे. मालेगाव घ्या, मिरज घ्या, लातूर घ्या, बसस्थानकामागच्या गॅरेजच्या ओळीत पाने घेऊन बसलेली मुले आपल्याच घरांतली असतात. त्या मुलांनी हँडल बदलायला आलेल्या प्रत्येक गाडीचा लॅच न सांगता साफ करून दिला तर दहा मिनिटे जास्त जातील. तेच हँडल सहा महिन्यांनी पुन्हा मोडून गिऱ्हाईक परत आले तर गल्ल्यात भर पडते, हे खरे. पण ती कमाई कशी म्हणायची, ते ज्याचे त्याने ठरवावे.

भाड्याच्या गाडीत बसणाऱ्या मायबहिणींसाठीही दोन गोष्टी. चाइल्ड लॉकचा गैरफायदा घेऊन प्रवाशाला आत अडकवता येते, म्हणून प्रवासी वाहतुकीच्या मोटारींमध्ये ते ठेवायला १ जुलै २०१९ पासून मनाई आहे. जुन्या गाड्यांत मात्र ती खुंटी तशीच असते. टॅक्सीत मागे बसताना दरवाजा लावण्यापूर्वी कडेला नजर टाकावी, आणि बसल्यावर गाडी सुटण्याआधी आतले हँडल एकदा ओढून पाहावे. चालकाला राग आला तर येऊ द्यावा. "हा दरवाजा आतून उघडत नाही बाजी, मी उघडून देईन" असे त्याने सांगितले तर दुसऱ्या बाजूने बसावे, किंवा दुसरी गाडी करावी.

दरवाजा उघडतच नाही आणि आत कुणी अडकले आहे, अशी वेळ आली तर काच फोडावी लागते. बाजूची काच मधोमध मारून लवकर फुटत नाही. कोपऱ्यात टोकदार लोखंडी वस्तूने मारावे. तिचे बारीक दाणे होतात. समोरची काच दोन थरांची असते, ती तडकते पण सहजी बाजूला होत नाही, तिथे वेळ घालवू नये. आतल्या माणसाजवळ दुसरे काही नसेल तर सीटच्या डोक्याची उशी वर ओढून काढावी, तिच्या दोन लोखंडी दांड्या कामी येतात.

राहता राहिली ती अंगणातली बंद पडलेली गाडी. मूल आत जाऊन अडकण्याची भीती तिथे सर्वांत जास्त आणि तिच्यावर खर्च करायला कुणी तयार नसते. खर्च नकोच. भंगारवाला येईपर्यंत मिस्त्रीला सांगून दरवाजांच्या खांबांवरचे स्ट्रायकर तेवढे काढून घ्यावेत. प्रत्येकाला सहसा दोनच स्क्रू असतात. कडीच नसली की नांगी कशालाच पकडत नाही, आणि दरवाजा कितीही ओढून घेतला तरी बंद होत नाही.